आब्दोन तोबासीया थांबला नाही

१५ जानेवारी, मंगळवार

रुग्णवाहिका चाळीस लाख पेसोंत मिळाली असं मी गावभर सांगतोय. खरा हिशेब इथे मांडतो, कारण ही वही माझी बायको दोमितिला वाचत नाही, असं ती म्हणते. विकणाऱ्याला चाळीस लाख दिले, हे खरं. वर चार टायर. वर गिअरबॉक्स, आणि तो बसवणाऱ्या मिस्त्रीची आठवडाभर जेवणं, तीही बरगडीच्या कढणासकट, कारण रिकाम्या पोटी त्याला नट दिसत नाहीत. शिवाय एक गाभण कालवड गेली. ती मला 'आपली' वाटत होती आणि दोमितिलाला 'माझी'. त्यापायी घरात जो अबोला झाला तो कशात मोजायचा, मला ठाऊक नाही. एकूण गाडी महागात पडली.

पण माझ्या 'रेडिओ पारामो'कडे आता स्वतःची फिरती गाडी आहे. आत तीन माइक, टपावर अँटेना. भोंगाही अजून वाजतो. बसमध्ये अ‍ॅवोकॅडो विकून आवाज कमावलेल्या माणसानं आणखी काय मागावं?

मार्चमध्ये देशाची मोठी सायकल शर्यत आमच्या तिबासोकेतून जाणार, आणि टप्पा संपणार ला मूलाच्या घाटमाथ्यावर. राजधानीची बडी स्टेशनं येतीलच. त्यांच्याकडे हेलिकॉप्टर आहे.

"आणि तुमच्याकडे रुग्णवाहिका," दोमितिला म्हणाली. अबोल्यानंतरचं हे पहिलं वाक्य. "कुणी पडलं तर उपयोगी येईल."

"माझ्याकडे आब्दोन तोबासीया आहे," मी म्हटलं.

"तो हो म्हणाला?"

"म्हणेल."

"म्हणजे त्याला अजून विचारलंही नाही."

स्टेशनचं मशीन दोमितिलाच सांभाळते, बटणं तिच्या हातात. त्यामुळे तिच्याशी फार वाद घालता येत नाही. मध्येच आवाज बंद करते.

२२ जानेवारी, मंगळवार

शर्यतीच्या दिवशी काय बोलायचं ते आधी इथे घासून बघतो.

'श्रोतेहो! आपल्यासोबत आहेत आब्दोन तोबासीया! सात वर्षं त्यांनी युरोपात इन्याकी या बास्क मुलखातल्या संघनायकासाठी पाणक्याचं काम केलं. बाटल्या वाहिल्या, वारा अंगावर घेतला, त्याचं चाक फुटलं तर स्वतःचं काढून दिलं. आणि मग अठरा वर्षांपूर्वीचा तो डोंगर! आब्दोन एकटे पुढे. मागे इन्याकीचा दम तुटलेला, पहिलं स्थान हातचं निसटतंय. डायरेक्टरनं गाडीतून हुकूम सोडला: थांब! मागे येणाऱ्या मालकाला ओढून वर आण! आणि तिबासोकेच्या या बटाटेवाल्याच्या पोरानं काय केलं? हुकूम ऐकला, हसला, कानातला इअरफोन उपटून दरीत फेकला, आणि टप्पा जिंकला!'

दरी मी गेल्या वर्षी घातली. चांगली बसली. आता शाळेतली पोरंही तशीच सांगतात.

इन्याकी ती शर्यत एकोणीस सेकंदांनी हरला. संघानं आब्दोनला हाकललं, पुन्हा कुणी घेतलं नाही. पण इकडे परत आला तेव्हा मिरवणुकीत त्याचे पाय जमिनीला लागले नव्हते. का, ते बाहेरच्याला कळायचं नाही. आम्ही बोयाका प्रांताचे डोंगरी लोक खेचरालासुद्धा 'सुमेर्से' म्हणून अदबीनं हाक मारतो. आमच्या या नरमपणावर विनोद करून राजधानीतले नकलाकार बंगले बांधतात. त्या आमच्यातला एक जण युरोपच्या साहेबाला 'नाही थांबत जा' म्हणाला, हे आम्हाला शर्यत जिंकण्याहून मोठं.

आज त्याच्या शेतावर गेलो. वर, जिथे बटाटा संपतो आणि धुकं सुरू होतं तिथे राहतो. गाईंजवळ पाठमोरा उभा होता. फाटकातून हाक मारली. वळला नाही. पुन्हा मारली. नाहीच. बसमध्ये शेवटच्या सीटवरच्या बहिऱ्या म्हातारीला अ‍ॅवोकॅडो विकणारा माझा आवाज, त्या आवाजाला गाई वळल्या. मोठी माणसं पहिल्या हाकेला वळत नाहीत, एवढं मी शिकून घेतलं. उद्यापासून मीही वळणार नाही.

त्याची बायको ओतिलिया बाहेर आली, तिनं त्याच्या दंडाला हात लावला, तेव्हा साहेब वळले. आणि इतकं मोकळं हसला की गर्वाचा राग धरता येईना.

गुळाचं गरम पाणी आलं, त्यात चीजचा तुकडा. ओतिलिया त्याच्या डावीकडे चिकटून बसली. बाई जरा करारी दिसते, मध्येमध्ये त्याच्या वतीनं तीच उत्तरं देते. तो मात्र मी बोलत असताना माझ्या तोंडाकडे असा टक लावून बघत होता की मला वाटलं मिशीला कढण लागलंय. मी दोनदा पुसली.

"मला माइकवर बोलता यायचं नाही, मिसाएल," तो म्हणाला. "मी पाणक्या. पाणक्याला कुणी बोलायला सांगत नाही."

"चँपियन, राजधानीवाल्यांना हेलिकॉप्टरमधून डोकी दिसतात. तुम्हाला आतलं दिसतं."

"नको."

मग मी सहज परदेशी संघांची नावं सांगितली. बास्कांचा संघ येतोय म्हटलं, आणि त्यांचा डायरेक्टर आता इन्याकीच आहे. कप तोंडाशी नेता नेता थांबला.

"तो स्वतः येणार? इथे, वर?"

"संघाच्या गाडीतून."

"मग येतो मी. पण मला त्याच्याशी पाच मिनिटं बोलायचंय. तेवढं जमवा. बाकी काही नको, पैसे नकोत."

ओतिलियानं त्याच्याकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत राहिला. "आधी नाताळला कार्ड पाठवायचा," तो म्हणाला. "त्या शर्यतीनंतर नाही."

अठरा वर्षांचं वैर! घाट उतरताना मी एकटाच गाडीत गात होतो.

२७ जानेवारी, रविवार

या माणसाचं एक कोडं मला सुटत नाही. रोज सकाळी शेतावरून निघून सायकलनं घाटमाथ्यापर्यंत चढतो. पन्नाशीचा माणूस, पण असा चढतो की खालच्या ढाब्यावरचे लोक घास हातात धरून बघतात. आणि खाली येतो दुधाच्या ट्रकमधून! सायकल कॅनांच्या वर बांधलेली, हा ड्रायव्हरशेजारी. ज्यासाठी माणूस चढ चढतो ती फुकटची मजा हा सोडून देतो.

गावात प्रत्येकाचं उत्तर वेगळं. न्हावी म्हणतो, ब्रेकचे रबर वाचवतो. पाद्रीबुवा म्हणतात, कुमारी मातेला नवस असणार. ढाबेवालीचं म्हणणं, ट्रकवाल्याला एक विधवा बहीण आहे. मी आज त्याला सरळ विचारलं.

तो हसला. "चढताना रस्ता आपला असतो."

"आणि उतरताना?"

"उतरताना मागून येणाऱ्याचा."

वा! हे वाक्य मी शर्यतीच्या दिवशी वापरणार. त्यात फार खोल अर्थ आहे. नक्की कोणता ते अजून ठरवलं नाही.

९ फेब्रुवारी, शनिवार

लोकांना त्याची सवय व्हावी म्हणून त्याला तेहोच्या अड्ड्यावर नेलं. मैदानाच्या टोकाला चिखलाची पेटी, चिखलात बारूदाच्या पुड्या, लांबून लोखंडी चकती फेकायची, आणि बियरचे क्रेट रिकामे करत जायचं. खेळ येत नसला तरी बियर येते.

आब्दोन पेटीशेजारीच उभा होता, डाव्या हाताला पेटी. पाववाल्यानं टाकलेली चकती नेमकी पुडीवर बसली आणि असा बार उडाला की मी बियर शर्टावर सांडली, न्हाव्यानं क्रॉस केला. आब्दोननं पापणी हलवली नाही. घोट घेत होता तो घेतला. मग सगळे ओरडतायत म्हणून वळून बघितलं, आणि तोही ओरडला.

"बघा, याला म्हणतात काळीज!" पाववाला म्हणाला. "असाच माणूस हुकूम ऐकून हसू शकतो."

घरी येऊन हे दोमितिलाला सांगितलं. ती म्हणाली, "बार कुठल्या बाजूला झाला?"

बायकांना नको ते तपशील हवे असतात. मी म्हटलं, "अगं, माझे कान बघ. पलंगावर पडून सांगतो, घाटात कुणाचा ट्रक चाललाय आणि त्यात किती पोती आहेत. या खोऱ्यात माझ्या कानातून काही सुटत नाही. पण मीसुद्धा दचकलो. तो नाही."

"तुम्ही ट्रकचं ऐकता हो," ती म्हणाली. "ट्रक मध्ये बोलत नाही म्हणून."

१४ फेब्रुवारी, गुरुवार

तालीम. रुग्णवाहिका घाटात उभी केली, मागची दारं रस्त्याकडे सताड उघडी, आत बाकावर आम्ही. आमच्या क्लबची पोरं सरावाला चढत होती, त्यांच्यावर बोलायचं.

मी म्हटलं, "सगळ्यात पुढे निळी जर्सी, काय जोर आहे!"

"निळा संपला," आब्दोन म्हणाला. "दुसऱ्या वळणाला मागे पडेल."

पडला! माझं तोंड उघडं.

"कसं कळलं?"

"कोपरं बघा त्याची. दमलेला माणूस आधी कोपरं बाहेर काढतो, मग खांदे हलवतो, मग तोंड वासतो. तोंडावर जाऊ नका, तोंडं वासून काही जण नाटक करतात. मी इन्याकीच्या मागे सात वर्षं होतो, त्याची मान बघून सांगायचो त्याला पाणी हवंय की साखर."

"तो मागायचा नाही?"

"मागावं लागलं तर पाणक्या कशाला?"

हे सगळं इतकं नवीन होतं की मी माइक बंद करून नुसतं ऐकत बसलो. त्यानं वाऱ्याचं सांगितलं: पुढच्याच्या कुठल्या बाजूला चाक लावायचं ते गवत बघून ठरवतात. पाठीवर जर्सीत सहा बाटल्या खुपसून चढणीला परत पुढे कसं यायचं ते सांगितलं. तो कुठेही 'मी जिंकलो' म्हणत नाही. त्या डोंगराचा विषय काढला की चहा हवा का विचारतो.

बसण्यावरून थोडं झालं. त्याला मी त्याच्या उजव्याच बाजूला हवा. मी म्हटलं, माझी तार तिथे पुरत नाही. तो म्हणाला, "मग तार वाढवा, मिसाएल." एरवी मुंगीलाही वाट देणारा माणूस. दोमितिलानं मुकाट्यानं तार वाढवली.

पाहुण्याची जागा त्याच्या डावीकडे ठरली.

२३ फेब्रुवारी, शनिवार

इन्याकीला फोन लागला. आवाज जाडसर, थकलेला. मी माझं नाव, स्टेशनचं नाव, श्रोत्यांची संख्या (तीन प्रांत सांगितले) सगळं ऐकवलं.

"आब्दोनशी मला काही बोलायचं राहिलेलं नाही," तो म्हणाला.

मी गप्प राहिलो. धंद्यात एवढं एकच गप्प राहणं मला जमतं.

"किती वाजता?" तो म्हणाला.

आब्दोनला निरोप दिला, फक्त 'येतो म्हणाला' एवढाच. त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. म्हणाला, "त्याला काय सांगायचं ते मी रोज चढताना बोलून बघतो. अर्ध्या घाटापर्यंत नीट येतं."

बेत असा: दोघांची भेट थेट प्रक्षेपणात! शेवटचे काही किलोमीटर उरले असताना इन्याकीला बाकावर बसवायचं, हातात माइक द्यायचा, आणि मी बाजूला. राजधानीवाल्यांनी हेलिकॉप्टर विकून टाकावं.

२ मार्च, शनिवार

बाजारात ओतिलिया चीज विकायला आली होती. मला बाजूला घेतलं.

"मिसाएल, माइकवर नको. आधी दोघांना एकटं भेटू द्या."

"बाई, ते पाच मिनिटं मागत होते, मी दहा देतोय."

"निदान समोरासमोर तरी बसवा. कृपा करा. त्यांना ना, डावीकडून..."

मला तिची अडचण कळली आणि मी तिचं समाधान केलं. रेडिओ म्हणजे काय ते समजावून सांगितलं: रेडिओवर चेहरे दिसत नाहीत, त्यामुळे समोरासमोर बसलं काय आणि शेजारी बसलं काय, श्रोत्याला फरक पडत नाही. बराच वेळ बोललो. तिनं ऐकून घेतलं, मग चीजचा एक गोळा माझ्या हातात ठेवला आणि पैसे घेतले नाहीत. पटलं असावं.

८ मार्च, शुक्रवार

अँटेना पडली. उभी केली. धुकं. जाहिराती पुरेशा आल्या, बटाटेवाल्यांच्या सोसायटीनं सगळ्यात मोठी दिली. आब्दोननं हजामत केली म्हणे, न्हाव्यानं पैसे घेतले नाहीत.

१० मार्च, रविवार

क्रमानं लिहितो.

सकाळपासून घाटात माणूस मावत नव्हता. घोंगडी, छत्र्या, प्रत्येकाच्या कानाशी रेडिओ. आणि त्यातल्या बहुतेकांवर मी! घाटाच्या कडेनं चाललो तर माझाच आवाज मला सोबत करत होता. आब्दोनला मध्ये बसवलं. माइकचा दांडा आणि एका कानाचा इअरफोन एकाच पट्ट्यावर असतो, तो दोमितिलानं आणला तेव्हा मी घेतला आणि स्वतःच्या हातानं त्याच्या डाव्या कानावर बसवला, कारण उजवीकडे मी, दोन माइक एकमेकांना लागले असते. तो काहीतरी म्हणणार होता. तेवढ्यात दिवा लाल झाला.

पहिला तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला. आब्दोन बोलत होता आणि लोक रेडिओवर ऐकून रस्त्याकडे बघत होते, आणि तो म्हणेल तसंच होत होतं. "हिरवा आता उठेल." हिरवा उठला. "उठायला नको होतं." नको होतं!

मग दोमितिलानं इअरफोनमध्ये सांगितलं, थांबा, सोसायटीची जाहिरात. मी ऐकलं. आब्दोन बोलतच राहिला. तिनं पुन्हा सांगितलं. हा वाऱ्याबद्दल बोलतोय. सोसायटीची बटाट्याची जाहिरात वाऱ्यात गेली. मला राग यायला हवा होता, पण मी माइकवर ओरडलो, "ऐकलंत श्रोतेहो? हा माणूस जाहिरातीसाठीही थांबत नाही!" बाहेर घाटभर हशा.

पुढचे सायकलपटू शेवटून चौथ्या वळणावर असताना इन्याकी आला. संघाची गाडी माथ्यावर सोडून चालत आला होता. केस सगळे पांढरे. मी त्याला खूण करून डावीकडे बसवलं, हातात माइक दिला. डोक्यावर हेलिकॉप्टर घोंघावत होतं, गर्दीनं शिट्ट्या आणि घंटांचा कहर मांडला होता. आब्दोन पुढे वाकून, डोळे बारीक करून रस्त्याकडे बघत होता. मी दाराबाहेर गर्दीकडे वळून जाहीर केलं: "अठरा वर्षांनी! इन्याकी इथे आहेत! बोला!"

इन्याकी माझ्याकडे बघून बोलला नाही, आब्दोनच्या गालाकडे बघून बोलला. हळू.

"आब्दोन. मी तुला एकच विचारायला आलोय. तू थांबला का नाहीस?"

आब्दोन म्हणाला, "लाल जर्सीवाला आता पाणी पिईल. प्यायला तर तो घाबरलाय."

"सात वर्षं तू माझा माणूस होतास," इन्याकी म्हणाला. "भांडायचं होतं तर भांडायचं. पण सांगून."

"प्यायला. बघा. आता पिवळा जाणार."

इन्याकीनं माइक बाकावर अगदी जपून ठेवला, जसं कुणाच्या घरातलं भांडं ठेवतात, आणि उतरून गेला.

आणि मी, देवा, मी माइकवर गरजलो: "तोबासीया आजही थांबला नाही! आजही नाही!" बाहेर जे ओरडणं उठलं तसं मी कधी ऐकलं नव्हतं. टोप्या उडाल्या. न्हावी रडत होता. आब्दोननं तो कल्लोळ ऐकला, रस्त्याकडे बघितलं, पिवळा खरंच सुटला होता, म्हणून तोही हसला.

शर्यत संपली, लाल दिवा विझला. त्यानं पट्टा काढला आणि माझ्याकडे वळला.

"इन्याकी कधी येणार?"

मला वाटलं थट्टा करतोय. मी म्हटलं, "चँपियन, काय जिरवलीत त्याची!"

"कुणाची?"

मी बाकाकडे बोट दाखवलं. तो डावीकडे वळला. तिथे नुसता माइक. त्यानं तो उचलला, बघितला, पुन्हा ठेवला. दोमितिला बटणं सोडून पुढे आली आणि त्याच्या समोर, अगदी समोर उकिडवी बसली.

"ते आले होते," ती म्हणाली. "बोलले. तुम्हाला ऐकू गेलं नाही."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. फेब्रुवारीपासून मला दिसतंय. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही जाहिरातीसाठी लपवताय."

ओतिलिया गर्दीतून धावत आली. तिच्या हातातला छोटा रेडिओ अजून चालू होता, त्यावर गाणं लागलं होतं. तिनं सगळं ऐकलं होतं. नवऱ्याच्या डावीकडे उभी राहिली, जशी नेहमी राहते.

आब्दोन मग थोडं बोलला, माझ्याशी नाही, दोमितिलाशी. त्या शर्यतीच्या आधीच्या सुट्टीत तो इथेच होता, या घाटात उतरताना मागून आलेल्या ट्रकनं उडवलं. हाडं जुळली, डावा कान गेला, आणि आता उजवाही मंद होत चाललाय. संघाला सांगितलं असतं तर करार गेला असता, कदाचित परवानाही. इअरफोन उजव्या कानात घातला तर मागून येणारं काहीच ऐकू आलं नसतं, म्हणून तो डाव्यातच ठेवायचा. मग शर्यतीत तो जोडीदाराच्या डावीकडून चालायचा, हुकूम आला की जोडीदाराचा चेहरा बघून समजायचा. "त्या दिवशी मी एकटा पुढे होतो," तो म्हणाला. "बघायला चेहरा नव्हता."

"मग नंतर सांगायचं!" मी म्हटलं.

त्यानं माझ्या ओठांकडे बघितलं. "नंतर आधी डायरेक्टर ओरडला. त्याला सांगितलं असतं तर पुन्हा सायकलवर कुणी बसवलं नसतं. वाटलं दुसरा संघ मिळेल. मग इकडे आलो, तर तुम्ही लोकांनी खांद्यावर घेतलं, खाली ठेवेचनात. ओरडून सांगितलं असतं तरी ऐकलं असतंत?"

दुधाचा ट्रक आज नव्हता. रुग्णवाहिकेतून मीच त्याला शेतावर सोडलं. तो मागे बसला.

११ मार्च, सोमवार

पहाटे निघालो. बास्कांचा संघ खालच्या शहरातल्या हॉटेलात होता. सायकली गाडीवर चढवत होते. इन्याकी पायरीवर कॉफी घेऊन उभा. मला बघून आत जायला वळला.

"साहेब, दोन मिनिटं. माइक नाही."

"खिशात काय आहे?"

"चीजचा पाव. बायकोनं दिलाय, तुमच्यासाठी."

त्यानं पाव घेतला नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आयुष्यात प्रथमच विशेषणं न लावता बोललो. माझं बोलून झाल्यावर त्यानं कॉफी पायरीवर ठेवली.

"त्या वर्षी तो जेवायला माझ्या डावीकडे बसायला लागला," तो म्हणाला. "आधी समोर बसायचा. मला वाटलं माझ्या नजरेला नजर देत नाही. मी बायकोलाही म्हटलं होतं, याच्या मनात काहीतरी आहे." मग म्हणाला, "गाडी कुठाय तुझी?"

रुग्णवाहिका बघून तो पहिल्यांदा हसला. "मेलेल्याला न्यायला आलायस की काय?"

शेतावर फाटकाशीच ओतिलियानं मला हातानं अडवलं. "तुम्ही इथे," ती म्हणाली. मी तिथेच थांबलो. आब्दोन गाईंजवळ पाठमोरा होता. इन्याकीनं हाक मारली नाही. कुंपणाच्या कडेनं मोठा फेरा घेऊन चिखलातून त्याच्या समोर जाऊन उभा राहिला.

काय बोलले ते मला माहीत नाही. वारा उलटा होता. आब्दोनचे हात हलत होते, बराच वेळ, चढ दाखवावा तसे. इन्याकीनं एकदा तोंडावर हात घेतला. मग दोघं दगडावर बसले, आणि इन्याकी उठून दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा बसला. मी ओतिलियाला विचारलं, तुम्हाला काही ऐकू येतंय का? ती म्हणाली, "मिसाएल, गप्प बसा."

निघताना आब्दोन गाडीपर्यंत आला. म्हणाला, "उद्या सकाळच्या कार्यक्रमात मी बोलतो. सगळं. माझ्या तोंडून."

"लोक नाराज होतील, चँपियन." मी खरं तेच सांगितलं. "न्हावी पैसे घ्यायला लागेल."

"घेऊ दे. पण तुम्ही आधी फार बोलू नका. प्रस्तावना दोन वाक्यांची."

खाली उतरताना इन्याकीला एवढंच विचारलं, कारण मला ते प्रस्तावनेत लागणार होतं: इअरफोनचं नक्की काय झालं? तो अठरा वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी संघाच्या बसमध्येच होता, त्यानं बघितलं होतं.

प्रस्तावना लिहिली. दोमितिलानं वाचली, एक शब्द खोडला, ठीक आहे म्हणाली. ती अशी:

'इअरफोन दरीत कुणी फेकला नव्हता. तो दिवसभर आब्दोनच्या डाव्या कानावर चिकटपट्टीनं लावलेला होता, आणि संध्याकाळी मालिशवाल्यानं काढला.'